पौंडावर विकला जाणारा जुना माल निवडायचा कसा?

घरटे_नवे

दोन महिन्यांपूर्वी आम्ही अमेरिकेत राहायला आलो. घर रिकामे आहे आणि हिवाळा तोंडावर आहे, त्यामुळे शेजारणीच्या सांगण्यावरून मी वजनावर जुना माल विकणाऱ्या एका दुकानात गेले. इथले लोक अशा दुकानाला नुसतेच ‘बिन्स’ म्हणतात. चाके लावलेल्या लांबट, उथळ, निळ्या पेट्यांमध्ये स्वेटर, खेळणी, पट्टे, एकाच पायाचा बूट, चार्जरच्या वायरी असे सगळे एकत्र ओतलेले होते आणि किमतीची चिठ्ठी कशालाच नव्हती. नव्या पेट्यांची रांग आत येताना मी सहज एकीत हात घातला, तर सगळेजण माझ्याकडे असे पाहू लागले की मी पंगतीत श्लोक होण्याआधीच जेवायला सुरुवात केली असावी.

दोन तासांनी 14 पौंड माल घेऊन निघाले आणि पौंडाला 2 डॉलर या दराने 28 डॉलर दिले. घरी आल्यावर पाहते तर एकट्याने 5 पौंड भरलेला लोकरीचा कोट काखेत कसरीने खाल्लेला होता. दुकानाचा दोष नाही, मीच नीट पाहिले नाही. वजनावर नेमके काय परवडते, या कपड्यांबरोबर घरात ढेकूण येण्याची भीती कितपत खरी आहे, आणि दीड वर्षाच्या मुलासाठी तिथून काय घ्यावे व काय घेऊ नये, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

जुनी_वही

माल तिथे कसा येतो हे कळले की निवडणे सोपे जाते. अशा दुकानांत गुडविल या संस्थेची ‘आउटलेट’ सर्वांत परिचित आहेत. एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने 1902 साली बोस्टनमध्ये ही संस्था सुरू केली, आणि आज तिच्या प्रत्येक विभागाचा कारभार स्वतंत्र असल्यामुळे दरही गावोगाव बदलतो. लोकांनी दान केलेल्या वस्तू आधी नेहमीच्या दुकानात चिठ्ठी लावून मांडल्या जातात. काही आठवड्यांत ज्या खपत नाहीत त्या या पेट्यांत येतात, आणि इथेही न उचललेल्या कपड्यांचे गठ्ठे बांधून ते घाऊक व्यापाऱ्यांना विकले जातात. (पाश्चात्त्य देशांतले असे गठ्ठे आपल्याकडे कांडल्याला निवडले जातात, आणि पानिपतला जुन्या लोकरीपासून पुन्हा सूत काढून ब्लँकेटे विणली जातात. तुमचा कोट तिथवर जाता जाता राहिला म्हणायचा.)

रांग बदलताना सगळ्या पेट्या जागेवर लागून कर्मचाऱ्याची खूण होईपर्यंत हात लावायचा नाही, हा नियम बहुतेक ठिकाणी कडक असतो. पहिल्या मिनिटात जी झुंबड उडते तिच्यात घुसू नका. घाईतले लोक वरवरचे उचलून पुढच्या पेटीकडे सरकतात आणि तळाशी गेलेला पातळ, चुरगळलेला कपडा तसाच राहतो.

वजनाच्या दुकानात तोच पातळ कपडा खरा फायद्याचा असतो. तुमच्याच दराने 4 औंसांचा, म्हणजे पाव पौंडाचा, रेशमी शर्ट अर्ध्या डॉलरला पडतो, पण जीन्सची विजार दीड-दोन पौंडांची म्हणजे 3 ते 4 डॉलरची होते, आणि तेवढ्यात साध्या जुन्या दुकानातही बरी जीन्स कधीकधी मिळून जाते. म्हणून रेशीम, लिनन, काश्मिरी लोकर, सुती चादरी आणि लहान मुलांचे कपडे डोळे मिटून परवडतात. जाड कोट, बूट आणि बिडाची भांडी घेताना मात्र आधी हातावर तोलून मनात गुणाकार करावा. दहा इंची बिडाचे पॅन साधारण 5 पौंड भरते. काच आणि पुस्तके यांचा दर अनेक ठिकाणी वेगळा असतो, त्यामुळे आत शिरतानाच फलक वाचावा.

मी डोळ्यांपेक्षा बोटांवर जास्त विसंबते. ढिगात हात घालून चालत राहायचे. पॉलिएस्टर बोटांखालून सुळकन निसटते, लिनन किंचित खरखरीत आणि गार लागते, तर लोकर हाताला धरून ठेवते. काही वेगळे लागले की मगच ओढून बाहेर काढायचे आणि आतली पट्टी वाचायची. मग काखा, कॉलर, मांड्यांमधली शिवण आणि झिप तपासायची, आणि लोकर असेल तर कापडामागे मोबाइलचा टॉर्च धरायचा. कसरीची भोके उजेडात चाळणीसारखी दिसतात. कपडे घालून पाहायची सोय सहसा नसते, म्हणून स्वतःच्या अंगाला नीट बसणाऱ्या शर्टाची मापे लिहून न्यावीत. जाड हातमोजे मात्र हवेतच, कारण ढिगात फुटकी काच किंवा सुईही असू शकते.

हिशेबनीस

वरचे सगळे मान्य आहे, पण दोन तासांची किंमत कोणीच धरलेली नाही. रोज येणारे पुनर्विक्रेते तो माल ऑनलाइन विकतात आणि ते त्यांचे पोटपाण्याचे काम आहे. आपण त्यांच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. घरातून पाच वस्तूंची यादी करून निघावे आणि वजनकाट्याकडे जाण्याआधी ढकलगाडी एका कोपऱ्यात उभी करून प्रत्येक वस्तू पुन्हा हातात घ्यावी. माझी जवळजवळ निम्मी गाडी दर वेळी तिथेच रिकामी होते. विजेच्या वस्तू लावून पाहण्याची सोय नसेल तर त्या घेऊ नयेत, कितीही स्वस्त पडत असल्या तरी.

ओवरी

ढेकणांची भीती खोटी नाही, पण उपाय सोपा आहे. पिशवी घराच्या दाराबाहेर किंवा गॅरेजमध्येच उघडावी आणि कपडे धुण्याआधी थेट ड्रायरमध्ये सर्वांत जास्त उष्णतेवर किमान 30 मिनिटे फिरवावेत. ढेकूण आणि त्यांची अंडी मरतात ती उष्णतेने, साबणाने नव्हे. लोकर आणि रेशीम ड्रायरमध्ये आटतात, म्हणून ते हवाबंद पिशवीत घालून उणे 18 अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये सलग चार दिवस ठेवावे. फ्रीझर खरोखर तेवढा थंड होतो का, हे थर्मामीटर ठेवून पाहावे. गादी आणि गुबगुबीत फर्निचर मात्र मी कोणत्याही दराने घरात आणणार नाही.

मुलाच्या बाबतीत अधिक कडक राहा. कार सीट घेऊ नका. तिला मुदत असते, आणि ती आधी एखाद्या अपघातात सापडली होती का, हे तिच्याकडे पाहून कळत नाही. सायकलच्या हेल्मेटचेही तेच. बाजू खाली सरकणाऱ्या पाळण्यांच्या विक्रीवर अमेरिकेत जून 2011 पासून बंदी आहे. धोकादायक ठरल्याने बाजारातून परत मागवलेली (‘रिकॉल’ झालेली) वस्तू जुनी म्हणून विकणेही बेकायदा आहे, पण ढिगातली प्रत्येक वस्तू कोणी तपासलेली असेलच असे धरून चालू नये. खेळण्यावर मॉडेल क्रमांक असेल तर अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या (CPSC) संकेतस्थळावर तो तिथल्या तिथे शोधता येतो. घरातील आणि खेळण्यांवरच्या रंगातल्या शिशावर अमेरिकेत 1978 साली बंदी आली, तेव्हा त्याआधीचे वाटणारे रंगवलेले लाकडी खेळणे सोडून द्यावे. बिडाच्या जुन्या भांड्यात पूर्वी काही लोक बंदुकीच्या गोळ्यांसाठी शिसे वितळवत असत, त्यामुळे तेही तपासल्याशिवाय चुलीवर चढवू नये. कापडी पुस्तके, सुती झबली आणि न रंगवलेले लाकडी ठोकळे मात्र खुशाल घ्या.

घरटे_नवे

सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा जाऊन आले. या वेळी यादी होती, हातमोजे होते आणि कोपऱ्यात गाडी उभी करून केलेली दुसरी तपासणीही होती. साडेसहा पौंड भरले, 13 डॉलर झाले. दोन सुती चादरी, मुलाची सहा झबली आणि तळाशी बोळा होऊन पडलेला राखाडी काश्मिरी स्वेटर मिळाला. स्वेटर सध्या फ्रीझरमध्ये मटाराच्या पिशवीशेजारी आहे. कोटाच्या काखेतली भोके साधारण नखाएवढी आहेत. रफू करण्यात अर्थ आहे का?

जुनी_वही

जागा काखेतली आहे, दिसणार नाही, तेव्हा जरूर करा. त्याआधी कोटही चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे कसरीच्या अळ्या उरल्या असतील तर त्याही जातील. रफूसाठी वेगळा दोरा आणू नका. कोटाच्या आतल्या दुमडीत जादा कापड असते, त्यातलेच चार धागे ओढून काढा. रंग आपोआप जुळेल.