मदत हवी आहे : मुलीच्या जबड्याचं ऑपरेशन

नमस्कार. माझी मुलगी १९ वर्षांची आहे. खालचा जबडा पुढे आलेला, समोरचे दात जुळत नाहीत, त्यामुळे घास नीट तोडता येत नाही. वर्षभर ब्रेसेस लावून झाल्या. आता ओरल सर्जन दोन्ही जबडे कापून, सरकवून टायटॅनियमच्या प्लेट्सनी बसवायचं म्हणतात. त्याच वेळी हनुवटीलाही आकार देता येईल, असं त्यांनी सुचवलंय. केवळ दिसण्यासाठी ऑपरेशन वाढवावं का, तिथे माझं मन अडतं. तिला मात्र ते हवंय, आणि चेहरा तिचा आहे.

खरी भीती बधिरपणाची. खालच्या ओठाची नस जबड्याच्या हाडातूनच जाते ना! ज्यांनी हे करून घेतलंय, त्यांच्या ओठाची जाणीव किती दिवसांनी परत आली? पूर्ण आली का? हनुवटीचं सोबत केलेल्यांनी तर नक्की सांगा.