कल्याणमांचं नाव घेऊन 'हे राम' खोडणाऱ्यांसाठी

खडूस_मास्तर:
काल इथे एकाने ठोकून दिलं, "गांधीजी 'हे राम' म्हणालेच नाहीत, खुद्द त्यांचे सचिव कल्याणम सांगून गेलेत." अर्धवट वाचायचं आणि पुढे ढकलायचं! कल्याणम यांनीच २०१८ साली खुलासा केला होता: म्हणाले नाहीत असं मी बोललो नाही, त्या गोंधळात मला ऐकू आलं नाही. फरक कळतो ना? गांधीजींची चुलत नात मनूने ऐकलं, ती शेजारीच होती. राजघाटावर कोरलंय तेही पुसणार का?

खवचट:
दगडावर कोरलं की पुरावा झाला? मनूला नथुरामने ढकललं होतं, हातातली माळ-वही पडली, ती उचलायला वाकलेली. आदल्या रात्री बापूंनी तिलाच सांगितलेलं, गोळी लागून रामनाम घेत गेलो तरच मला खरा महात्मा म्हण. मग तिला दुसरं काय ऐकू येणार? आमचे आजोबा गेले तेव्हा उशाशी मीच होतो. शेवटचं बोलले ते पंख्याबद्दल. तेराव्याला काका सगळ्यांना सांगत होते, 'विठ्ठल विठ्ठल' करत गेले!

कऱ्हाडकर:
ते काय म्हणाले यावर अजून कीस पाडा. गोळ्या झाडल्या दिल्लीत, पेटले सातारा-सांगली-कोल्हापूर. नथुराम ब्राह्मण म्हणून ब्राह्मणांची आडनावं बघून घरं जाळली, त्यात आमचा वाडा गेला. त्यावर कोणी धागा काढत नाही. उरलं ते कूळकायद्यात गेलं.

माणदेशी:
आलं का कूळकायद्यावर! कसणाऱ्याला जमीन मिळाल्याचं सुतक अजून फिटलं नाही वाटतं. माझ्या आजोबांनी तेव्हा दोन बिऱ्हाडं गोठ्यात लपवली होती, ते कोण सांगणार?

कऱ्हाडकर:
लपवली असतील, उपकार झाले. पण पेटवणारे काय आकाशातून पडले? शेजारच्याच गावचे होते. आजीला सगळे माहीत होते, मरेपर्यंत एकाचं नाव घेतलं नाही तिने. आणि तुम्ही सुतक काढता? तोंड सांभाळून बोला.

खडूस_मास्तर:
धागा कशाचा, चाललंय काय! @खवचट, मनूची साक्ष नको तर 'नुसतं आह निघालं' म्हणणाऱ्या नथुरामच्या भावाची, गोपाळ गोडसेंची तरी कशी चालते? ते त्या संध्याकाळी बिर्ला हाऊसमध्ये नव्हतेच.

खवचट:
बरं बाबा, तेही बाद. म्हणजे दोघांच्याही हाती भोपळा. पण 'हे राम' सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही.

माणदेशी:
@कऱ्हाडकर, 'सुतक' मागे घेतो. कूळकायद्याचं घेत नाही.

कऱ्हाडकर:
जमीन मागितलीय कोणी? वाड्याबद्दल बोला.