ब्रेक पॅड बदलल्यापासून पेडल खोल जाते, मदत हवी आहे

नमस्कार. गेल्या आठवड्यात गॅरेजमध्ये पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल बदलून घेतले, तेव्हापासून पेडल स्पंजासारखे मऊ लागते आणि पहिल्या दाबाला जवळजवळ तळाला टेकते. लागोपाठ २-३ वेळा दाबले की मात्र घट्ट होते. ऑइलची पातळी वरच्या खुणेपाशी आहे, चाकांच्या आतल्या बाजूला ओलसर डागही नाही. लाइनमध्ये हवा राहिली असावी असे मला वाटते, पण ‘पॅड बसले की ठीक होईल’ एवढेच गॅरेजवाले सांगतात. ते मला पटत नाही, कारण नवे पॅड वापराने घासून नीट बसेपर्यंत पकड कमी असू शकते, पेडल असे खचत नाही. तूर्त गाडी उभीच ठेवली आहे. पुन्हा ब्लीडिंग (लाइनमधली हवा बाहेर काढणे) करूनही फरक पडला नाही, तर मास्टर सिलिंडरच (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब देणारा भाग) निकामी आहे हे खात्रीने कसे ओळखावे?