शब्दचर्चा : छाती थोपटायची, थापटायची की ठोकायची? (आणि त्यात पोट बिघडलेलं असेल तर)

मुलाला सिस्टिक फायब्रोसिस आहे (जन्मजात आजार, यात फुप्फुसातला कफ फार घट्ट होतो). रोज दोन वेळा नेब्युलायझर (औषधाचा बारीक फवारा करून श्वासातून देणारं यंत्र) आणि त्यानंतर कफ सुटावा म्हणून छातीची फिजिओथेरपी ठरलेली. एरवी आम्हीच करतो, पण आम्ही दोघंही घरी नसलो तर सांभाळणाऱ्यांसाठी पानभर सूचना मराठीत लिहायला घेतल्या आहेत. गाडी अडली आहे ती 'उलट्या-जुलाब होत असतील तर' या भागावर. काय करायचं ते डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टनी सांगितलंय, मला शब्द हवेत. 'छाती ठोकणे' लिहिलं तर वाचणारा घाबरेल, 'थोपटणे' लिहिलं तर पोराला झोपवेल. आणि 'त्या दिवशी थेरपी बंद नाही, पण रोजच्यासारखीही नाही' हे थोडक्यात कसं सांगायचं?

---

'थापटणे' लिहा. थोपटण्यात हात हलका असतो. थापटण्यात जोर आणि आवाज दोन्ही आले. पंजाचा आकार मात्र कुठल्याच क्रियापदात मावत नाही, तो सुटा लिहावा लागेल : बोटं जुळलेली, अंगठा चिकटलेला, तळहात खोलगट. हात बरोबर पडला की पोकळ आवाज येतो. चापटीसारखा आवाज आला किंवा कातडी लाल झाली तर पंजा सपाट पडतोय. अंगावर पातळ कपडा असू द्या. आणि थापटायचं फक्त बरगड्यांवर. कणा, छातीचं मधलं हाड, पोट, कंबर सोडून.

दुसऱ्या प्रश्नाला मराठीत तयार उत्तर आहे : 'खाडा करू नका, आटोपतं घ्या.' उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी होतं, कफ आणखी घट्ट होतो, म्हणून खाडा महागात पडतो. पण एका बैठकीत फार वेळ खोकायला लावलं तर पुन्हा उलटी. म्हणून थोडा थोडा वेळ, पण जास्त वेळा. काय वगळलं तर चालेल हा क्रम तुमच्या टीमकडूनच लिहून घ्या, तो शब्दकोशात सापडणार नाही.

---

थापटणे मान्य. पण खरे सापळे पुढे आहेत.

'सलाईन' : तुम्ही नेब्युलायझरमधून देता ते मिठाचं पाणी, बहुतेक ३ किंवा ७ टक्क्यांचं. पण आपल्याकडे सलाईन म्हणजे शिरेतून 'लावतात' ते. एरवी खपून जातं. उलट्या-जुलाबांच्या दिवशी फोनवर कुणी 'सलाईन दिलं का?' विचारलं की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा. 'नेब्युलायझरचं सलाईन' असं पूर्ण लिहा.

'वाफ' : नेब्युलायझरला सर्रास 'वाफ देणे' म्हणतात. अनोळखी माणूस पातेल्यात पाणी उकळेल. त्यातून औषध जाणार नाही, भाजण्याची भीती मात्र खरी. हा शब्द पानावर नकोच.

'डोकं खाली नको' : पूर्वी पायथा उंच करून, डोकं उतारावर ठेवून थापटत. त्याने पोटातलं वर येऊ शकतं, उलटी होणाऱ्या मुलात ते श्वासनलिकेत जायची भीती, म्हणून अशा दिवशी ती स्थिती नको. पण नुसतं 'डोकं खाली नको' वाचून कुणी मूल पालथंही घालणार नाही. 'डोकं कमरेपेक्षा खाली जाऊ देऊ नका. बसवून किंवा कुशीवर घेऊन थापटा' असं लिहा.

'उपाशीपोटी' : नको. पोर आधीच काही खात नाहीये, त्यात आपण उपाशी ठेवायला सांगतोय असं वाटेल. 'खाण्याच्या आधी, किंवा खाऊन दीड-दोन तासांनी' हे सरळ आहे.

---

माझी भर 'उलटी' या शब्दावर. 'उलटी झाली' एवढंच कळवलं तर पलीकडच्याला काही बोध होत नाही. खोकल्याची उबळ येऊन शेवटी पडली ती एक. मळमळ, उमासे येऊन पडली ती वेगळी. पहिलीत तारेसारखा चिकट कफ असतो, कारण लहान मुलं कफ थुंकत नाहीत, गिळतात. ती खोकल्याची वाढ सांगते, पोटाची नाही. 'आधी खोकला की आधी मळमळ?' असा प्रश्नच पानावर छापा. 'ओकून कफ मोकळा झाला, आता थापटायची गरज नाही' हा समज घरोघरी आहे. पोटातला कफ पडला तो पडला, फुप्फुसातला तिथेच आहे.

थापटताना उमासा आला तर थांबायचं, मूल सरळ बसवायचं, तोंड पुसायचं, शांत झालं की पुढचं. भांडं हाताशी हवं. आणि हात साबण-पाण्यानेच धुवा असं ठळक लिहा. पोटाच्या काही विषाणूंवर, उदाहरणार्थ नोरोव्हायरसवर, सॅनिटायझर धड चालत नाही. नेब्युलायझरचे भाग धुणारा आणि जुलाब पुसणारा हात एकच असतो.

---

धागाकर्ती : 'आटोपतं घ्या' उचललं! एन्झाइमच्या (अन्न पचायला मदत करणाऱ्या) गोळ्यांचं 'खाण्यासोबत. खाल्लं नाही तर गोळी नाही' असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं वाक्य तसंच ठेवते. कफ वर आणायला श्वास जोरात सोडायला लावतात त्या 'हफ'ला मात्र मराठी सापडत नाही. 'हुंकार' कसा वाटतो?

---

हुंकारात तोंड मिटलेलं असतं, इथे उघडं हवं. 'हफ'च राहू द्या, पुढे 'आरशावर धुकं धरावं तसा तोंड उघडून सोडलेला श्वास' एवढं जोडा. मळमळत असताना जोराच्या खोकल्यापेक्षा हा बहुधा सोसतो.

---

कुणी 'पित्ता'बद्दल बोललं नाही म्हणून लिहिते. आपल्याकडे पिवळं-आंबट पडलं की 'पित्त पडलं, आता बरं वाटेल' म्हणून मोकळे होतात. हिरवी उलटीही त्याच खात्यावर जमा होते. सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलात हिरवी उलटी, पोट फुगलेलं आणि शी नाही, असं एकत्र आलं तर आतडं अडलेलं असू शकतं. तिथे थापटणं-बिपटणं बाजूला ठेवून लगेच दवाखाना. पानावर 'पित्त' शब्द येऊच देऊ नका, रंग लिहा.

तसंच 'सुस्त'. आजारी मूल सुस्त असणारच, त्याने कुणी फोन उचलणार नाही. 'हाक मारली तर नीट जागं होत नाही', 'सहा-आठ तासांत लघवी नाही', 'श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते' असं डोळ्यांना दिसेल ते लिहा. शिवाय या मुलांच्या घामातून मीठ जास्त जातं, म्हणून नुसतं पाणी पाजत बसू नका, ओआरएस द्या; पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, आणि उलटीनंतर जरा थांबून चमच्या-चमच्याने. 'घोट-घोट' लिहिलंत तर कुणीतरी पेला तोंडाला लावेल.