'चीप' म्हणजे मुळात स्वस्त नव्हे

कुणाला वाटेल की इंग्रजीतला 'चीप' (cheap) हा शब्द म्हणजे पहिल्यापासून हलका माल, पण तसं नाहीये हो. जुन्या इंग्रजीत 'चेआप' म्हणजे सौदा, बाजार, किंमत. लंडनची चीपसाइड म्हणजे स्वस्तातली गल्ली नाही, मध्ययुगातली मुख्य बाजारपेठ होती ती, आजूबाजूला ब्रेड स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट, पोल्ट्री ही नावं अजून तशीच आहेत, मला तर फार आवडतं हे. मग लोक चांगला सौदा झाला की 'गुड चीप' म्हणायचे, हळूहळू त्यातलं गुड गळून पडलं आणि साधारण १६व्या शतकात नुसतं चीप म्हणजे स्वस्त झालं, हलक्या प्रतीचं हा अर्थ त्याच्याही नंतर चिकटला. जर्मनमधलं काउफेन म्हणजे विकत घेणं, तेही याच घराण्यातलं, आणि कोपनहेगन म्हणजे व्यापाऱ्यांचं बंदर, त्यातही हाच शब्द आहे.