जेरुसलेमच्या येशिवा, आपली मुले आणि पेसाखचा भात

(बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजाच्या मंचावरील चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

चौल ते अश्दोद

मागच्या आठवड्यात येथील एका सदस्याने आपल्या भाच्याविषयी लिहिले. जेरुसलेममधील एका येशिवेने, म्हणजे धर्मग्रंथ शिकवणाऱ्या पाठशाळेने, त्याला हिब्रूचे अक्षरही येत नसताना सामावून घेतले, राहण्याजेवणाची सोय केली आणि आपल्या आध्यात्मिक वारशाची ओळख करून दिली, याचा त्यांना अभिमान वाटतो, आणि तो वाटावाच. परंतु जाता जाता त्यांनी असेही म्हटले की कोकणात आपले वाडवडील जे पाळत होते ते अर्धवट आठवणी आणि शेजाऱ्यांकडून उचललेल्या रूढी यांचे गाठोडे होते, खरा वारसा मुलाला आता मिळाला. या वाक्याला उत्तर दिल्यावाचून मला राहवत नाही.

या शाळा कोणासाठी निघाल्या हे आधी लक्षात घ्यावे. लहानपणापासून गेमारा (तालमूद या धर्मग्रंथातील विवेचन) न शिकलेल्या विशीतल्या माणसाला जुन्या येशिवांमध्ये बसायला जागाच नव्हती. १९६७ च्या युद्धानंतर अमेरिकेतून जी तरुण मंडळी जेरुसलेमला येऊ लागली, त्यांच्यासाठी ओर सामेआख, एश हातोरा यांसारख्या संस्था १९७० नंतरच्या काही वर्षांत उभ्या राहिल्या. राष्ट्रवादी धार्मिक वळणाचे माखोन मेईरही १९७४ चेच. त्या मुलांपैकी अनेकांच्या घरात शब्बाथ (शनिवारचा विश्रामदिन) केव्हाच सुटला होता, त्यामुळे त्यांना श्रीगणेशापासून शिकवणे योग्यच होते. आपल्याकडे शब्बाथ कधी सुटला? शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून कुलाबा जिल्ह्याच्या गावागावांत आपल्याला शनवारतेली म्हणत. आठव्या दिवशी सुंता होत होती, शेमाची प्रार्थना म्हटल्याशिवाय कोणतेही कार्य सुरू होत नव्हते. अशा घरातल्या मुलाला कोरी पाटी समजून शिकवायला बसणे हा स्वागताचा प्रकार नव्हे.

माझा पुतण्या अशाच एका शाळेतून (नाव घेत नाही) पेसाखसाठी (वल्हांडण सणासाठी) घरी आला आणि सेदरच्या, म्हणजे सणाच्या विधिवत जेवणाच्या, रात्री त्याने भाताचे पातेले टेबलावरून उचलून ओट्यावर नेऊन ठेवले. ‘हे आपल्याला चालत नाही’ असे तो आपल्या आजीला म्हणाला. जिने जन्मभर पेसाखला भात खाल्ला त्या बाईला! तेव्हापासून मला प्रश्न पडला आहे की या शाळा मुलाला त्याचा वारसा देतात की दुसऱ्या कोणाचा अंगरखा त्याच्या अंगावर चढवतात.

बेत मिद्राशचा विद्यार्थी

आपल्या पुतण्याने आजीसमोर पातेले उचलले हा उद्धटपणा होता, आणि त्याबद्दल त्याला दोन शब्द सुनवायला हवे होते. परंतु एका मुलाच्या उद्धटपणावरून संपूर्ण शिक्षणपद्धतीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मला मान्य नाही, कारण मीही अशाच शाळेत शिकलो आहे.

मला तेथे काय शिकवले ते सांगतो. तालमूदमधल्या बाबा मेत्सिया या ग्रंथाचे पहिले पान समोर होते. दोन माणसे एकच वस्त्र धरून उभी आहेत, दोघेही म्हणतात ‘सगळे माझे’. तेव्हा दोघांनी शपथ घ्यावी आणि वाटून घ्यावे. पानाच्या मध्यभागी मूळ मजकूर, बांधणीकडच्या बाजूला राशींचे भाष्य, बाहेरच्या बाजूला तोसाफोत, म्हणजे नंतरच्या पंडितांच्या टिपा. माझा हवरुता, म्हणजे अभ्यासातला जोडीदार, ब्वेनोस आयरेसचा होता, त्याला माझ्यापेक्षा थोडेच अधिक येत होते, आणि आम्ही दोघे एकेका ओळीवर इतक्या मोठ्याने भांडत असू की शेजारच्या जोडीने आम्हाला गप्प करावे. ‘तुझ्या घरी काय करतात ते विसर’ असे मला तेथे कोणीही सांगितले नाही.

उलट एक गोष्ट तेथेच कळली. माझी आई मटणाच्या रश्शात नारळाचे दूध घालते, मांसाबरोबर दूध नको म्हणून. मला वाटत होते की ही आपली कोकणी युक्ती. प्रत्यक्षात क्राकोच्या रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी सोळाव्या शतकात बदामाच्या दुधाविषयी हाच प्रश्न हाताळला आहे: पाहणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून मांसाजवळ थोडे बदाम ठेवावेत. हे वाचल्यावर मी घरी फोन केला आणि आईला रश्शाजवळ वाटीत खोबऱ्याचे तुकडे ठेवायला सांगितले. ती हसली, पण ठेवते. माझ्या दृष्टीने आईचे स्वयंपाकघर आणि ते पुस्तक त्या दिवशी प्रथमच एकमेकांशी बोलले.

राहिला कोकणच्या शुद्ध वारशाचा मुद्दा. आपल्याच परंपरेप्रमाणे दावीद राहाबींनी बाहेरून येऊन तीन तरुणांना शिकवले आणि काजी (समाजाचे धर्मप्रमुख) केले. नंतर कोचीहून शिक्षक आले. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले आणि ख्रिस्ती होण्याची त्याची अपेक्षा बाजूला ठेवून आपल्या लोकांनी त्यातून हिब्रू शिकून घेतली. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा (सेदरच्या रात्री वाचायची पोथी) निघाली, ती या सगळ्या परक्या शिकवणीनंतरच. बाहेरचा गुरू तेव्हा चालला, आज का चालू नये?

दिमोनाची मावशी

तुम्ही दोघे विद्वान आहात, परंतु जेरुसलेमच्या स्वागताविषयी बोलताना माझ्या वयाच्या माणसांना विचारायला हवे होते.

१९६२ मध्ये प्रमुख रब्बी नीस्सीम यांचे निर्देश निघाले की बेने इस्राएल मुलामुलीचा विवाह नोंदवण्यापूर्वी आईकडची वंशावळ जमेल तितकी मागे जाऊन तपासावी. माझे लग्न ठरलेले होते. नोंदणी करणाऱ्या गृहस्थांनी मला आजीच्या आईचे लग्न कोणत्या गावी, कोणी लावले, असे विचारले. ते लग्न अलिबागजवळच्या एका खेड्यात झाले होते, आणि त्याचा कागद मागणे म्हणजे माझी थट्टा होती. लग्न लांबले. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसली, तेव्हा कोठे ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, ठराव केला की बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत.

त्याच शहरातील रब्बी आता माझ्या नातवाला दाराशी येऊन ‘ये बाळा, तुझा वारसा घे’ म्हणतात. नातू हुरळतो. मी हुरळणार नाही.

बेत मिद्राशचा विद्यार्थी

मावशी, आपल्यावर झालेला अन्याय मोठा होता, तो कोणीही नाकारत नाही. परंतु मुख्य रब्बीनात हे एक सरकारी खाते आहे आणि या येशिवा खासगी संस्था आहेत. त्यांपैकी बहुतेक १९६४ मध्ये अस्तित्वातही नव्हत्या. एकाचा राग दुसऱ्यावर काढू नये.

दिमोनाची मावशी

बाळा, प्रवेश देताना तुझी ती खासगी संस्था आईकडचे यहुदीपण विचारते की नाही, एवढेच सांग.

बेत मिद्राशचा विद्यार्थी

विचारते. हलाखाप्रमाणे, म्हणजे धर्मशास्त्राप्रमाणे, विचारावेच लागते.

दिमोनाची मावशी

झाले तर मग.

गोलानीचा बाप

येथे वंशावळीवर आणि भातावर इतके शब्द खर्च होत आहेत, परंतु खरा प्रश्न कोणीच विचारत नाही. माझ्या मुलाने तीन वर्षे सैन्यात काढली आणि त्यानंतरही त्याला राखीव सेवेसाठी बोलावणे येत राहिले. येशिवेतल्या तरुणांना सैन्यसेवेतून सवलत देण्यास कायद्याचा आधार उरलेला नाही, असे जून २०२४ मध्ये इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने सांगितले, तरी सवलतीची भाषा संपत नाही. अध्यात्म शोधणाऱ्यांनी आधी गणवेश शोधावा.

बेत मिद्राशचा विद्यार्थी

मी सैन्यात सेवा केली आहे. माखोन मेईरसारख्या ठिकाणी सैन्यसेवा हा शिकवणीचाच भाग मानला जातो, आणि आपण ज्यांच्याविषयी बोलता ते हरेदी (अतिकर्मठ) समाजातच जन्मलेले तरुण आहेत, बाहेरून शिकायला आलेले नव्हेत. कृपया प्रत्येक धाग्यावर हीच तक्रार चिकटवू नये.

ठाण्याचा हझान

भातावर कमी शब्द खर्च झाले आहेत असे माझे मत आहे, कारण मूळ प्रश्नाचे उत्तर त्या पातेल्यातच होते.

पुतण्याने जे केले ते अश्केनाझी, म्हणजे युरोपीय यहुद्यांच्या, रिवाजाप्रमाणे केले. पेसाखमध्ये तांदूळ आणि कडधान्ये टाळण्याची चाल मध्ययुगीन फ्रान्स व जर्मनीतील यहुद्यांची. ज्या इस्सर्लेस यांचे बदाम वर आले, त्यांनीच ती नोंदवून पक्की केली. ज्या शुल्हान आरूख या धर्मनियमांच्या ग्रंथावर त्यांनी टिपा लिहिल्या, त्याचे कर्ते योसेफ कारो मात्र तांदळाला मोकळीक देतात, आणि आपली प्रार्थनापद्धती सेफार्दी (मूळ स्पेनच्या यहुद्यांची) असल्याने आपण कारोंच्या बाजूचे. याहून जुने पाहायचे असेल तर तालमूदमधल्या पेसाखीम या पेसाखविषयक ग्रंथाचे ११४ वे पान उघडावे. सेदरच्या रात्री शिजवलेले दोन पदार्थ कोणते ठेवावेत या प्रश्नाला राव हूना उत्तर देतात: बीट आणि भात. पुढे राव आशी म्हणतात की तांदळाला हमेत्झ (पेसाखला वर्ज्य असे आंबवलेले धान्य) ठरवणाऱ्या योहानान बेन नूरी यांचे मत कोणी मानत नाही, हे यावरून कळते. म्हणजे बाबिलोनच्या आचार्यांच्या सेदरच्या टेबलावर जो भात होता, तोच मुलाने आजीच्या टेबलावरून उचलला. हे पान त्याच्याच शाळेच्या कपाटात आहे आणि त्याला कोणी दाखवले नाही, हा त्या शाळेचा दोष आहे.

दोष दुसऱ्या बाजूचाही आहे. आपल्यापैकी किती घरांत कोणी मुलाला सांगितले की आपण भात का खातो? ‘आपल्यात चालतो’ एवढ्यावर आपण भागवले. अमेरिकन मुलाबरोबर बाकावर बसल्यावर त्याला कारण विचारले जाते, आणि ज्याच्याजवळ कारण नाही तो शेजाऱ्याचे कारण उचलतो.

चौल ते अश्दोद

हझानसाहेब, पहिल्या परिच्छेदांबद्दल मनापासून आभार; शेवटचा वगळला असता तरी चालले असते.

माझ्या वडिलांना पेसाखीमचे पान ठाऊक नव्हते हे खरे. त्यांना हा सण अनाशी ढाकाचा सण म्हणून ठाऊक होता, आणि तो त्यांनी एकही वर्ष चुकवला नाही. विद्यार्थीमहाशयांनी राहाबींचा दाखला दिला, परंतु अर्धाच दिला. राहाबींनी शिकवायला बसण्यापूर्वी आपल्या बायकांसमोर मासळीची टोपली ठेवली, आणि त्यांनी खवले व पर असलेली, म्हणजे धर्माला चालणारी, मासळी वेगळी काढली तेव्हा ‘ही आपली माणसे’ हे ओळखले, असे तीच परंपरा सांगते. आधी स्वयंपाकघर पाहिले, मग धडा दिला. तुमच्या शाळांनी मुलाला प्रवेश देताना आईकडचे यहुदीपण विचारले, पण आजीच्या चुलीवर काय शिजते ते विचारले नाही. माझी तक्रार एवढीच होती, आणि ती कायम आहे.

बेत मिद्राशचा विद्यार्थी

हा मुद्दा मला पटतो असे लिहिताना त्रास होतो, कारण तो आपण मांडला आहे. काही शिक्षक विचारतात. मला विचारले होते, म्हणून तर बदामाचे पान मिळाले. बरेच जण विचारत नाहीत, आणि ज्या मुलाला स्वतःहून सांगता येत नाही तो शाळेचाच रिवाज उचलतो हेही मी पाहिले आहे. परंतु शिकवायला आपल्याकडे कोण आहे? ‘मायबोली’ या आपल्या मराठी नियतकालिकाचे जुने अंक वाचू शकेल असा नातू कोणाच्या घरी असेल तर त्याने हात वर करावा.

ठाण्याचा हझान

मी आहे. पेसाखीमचे दहावे प्रकरण मराठीतून, फोनवरून शिकवायला मी पेसाखच्या आधीच्या महिन्यात तयार आहे. माझ्या शिष्याबरोबर इस्राएलमधले नातू-पुतणेही बसवावेत, हिब्रूत अडले तर विद्यार्थीमहाशय सांभाळतील. अट एकच: वर्गात विवाहनोंदणीचा विषय निघणार नाही.

दिमोनाची मावशी

निघणार. नातवाला घेऊन मी येणार आहे.

चौल ते अश्दोद

मीही येईन, परंतु पटवून घेण्यासाठी येत नाही, एवढे नोंदवून ठेवावे.