प्रतिसाद: फोटो असताना टाइप नमुना कशाला?
फोटो असताना टाइप नमुना (म्हणजे ज्याच्यावरून नव्या जातीचं वर्णन करून नाव दिलं तो मेलेला पक्षी) जपायचा कशाला, या वरच्या प्रश्नावर तांबड्या समुद्रातली भिंगरी, पेट्रोकेलिडॉन पर्डिटा, आठवली. १९८४ मध्ये सुदानजवळच्या सांगानेब दीपगृहापाशी ती मेलेली सापडली आणि १९८५ मध्ये फ्राय व स्मिथ यांनी नवी जात म्हणून तिचं वर्णन केलं. त्यानंतर दुसरा नमुना मिळालेलाच नाही! म्हणजे जे काही तपासायचं ते त्या एकाच टाइप नमुन्यावर. आधी ती हिरुंडो प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, जीनसमध्ये) होती, पुढे पेट्रोकेलिडॉनमध्ये गेली. पण ‘पर्डिटा’ हे नाव त्या नमुन्यालाच बांधलेलं राहिलं. फोटोवरून पंख मोजता येत नाहीत, डीएनए तर नाहीच. नमुन्यांसाठी सरसकट पक्षी मारायला माझाही विरोध आहे, पण जे नमुने संग्रहालयांच्या कपाटात आहेत ते जिवापाड जपायलाच हवेत.